टॉन्सिलची शस्त्रक्रिया आणि पर्यावरण : रुग्णांनी काय जाणून घ्यावे?

मुलाच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया ठरली की 'साधने नवीन, एकदाच वापरून टाकायची असतील ना?' असा प्रश्न पालकांच्या मनात येतो. काळजी रास्त आहे. पण 'वापरा आणि फेका' म्हणजे नेहमीच अधिक सुरक्षित असे नाही.

साधने : नवी की निर्जंतुक केलेली?

२००१ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये टॉन्सिलसाठी एकदाच वापरायची साधने आणली गेली. 'मॅड काऊ' आजाराशी संबंधित मेंदूविकार साधनांवरून पसरेल, अशी भीती होती. त्याला कारणीभूत असलेली प्रथिने नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने पूर्ण नष्ट होतीलच असे नसते. पण नव्या साधनांमुळे शस्त्रक्रियेनंतरच्या रक्तस्रावाच्या नोंदी वाढल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा वापरता येणारी साधने परत आणावी लागली.

चांगल्या स्टीलची साधने नीट धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसच्या दाबाखालील वाफेने ठरावीक वेळ निर्जंतुक केली, तर ती वर्षानुवर्षे वापरता येतात. कचराही कमी होतो. सुया, ब्लेड आणि सिरिंज मात्र प्रत्येक रुग्णासाठी नवीनच हव्यात.

भुलीचा वायू कुठे जातो?

श्वासातून दिलेला भुलीचा वायू शरीरात फारसा बदलत नाही; उच्छ्वासातून बाहेर पडून तो बहुतांशी हवेत मिसळतो. १०० वर्षांच्या हिशेबाने डेसफ्लुरेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट, तर नायट्रस ऑक्साइड सुमारे २७० पट तापमानवाढ करतो. सेवोफ्लुरेनचा परिणाम डेसफ्लुरेनपेक्षा खूपच कमी असतो. युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून डेसफ्लुरेनच्या वापरावर निर्बंध आहेत. वैद्यकीयदृष्ट्या दुसरा पर्याय नसेल तरच तो वापरता येतो.

वायूचा प्रवाह कमी ठेवणे किंवा शिरेतून भूल देणे हेही पर्याय आहेत. तुमच्यासाठी कोणती भूल योग्य, हे मात्र भूलतज्ज्ञच ठरवतील.

कचऱ्याचे रंग

भारतात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस व काढलेला टॉन्सिल पिवळ्या पिशवीत जातो, नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, तर सुया व ब्लेड पांढऱ्या डब्यात. पिवळ्या पिशवीतला कचरा बहुधा जाळला जातो. म्हणून वॉर्डात बिस्किटाचे वेष्टन किंवा पाण्याची बाटली त्यात टाकू नका.

तुम्ही काय करू शकता?

• शस्त्रक्रिया खरोखर गरजेची आहे का, हे विचारा. वारंवार घसा सुजत असेल, तर वर्षात ७ वेळा, सलग २ वर्षे दरवर्षी ५ वेळा किंवा सलग ३ वर्षे दरवर्षी ३ वेळा त्रास हा प्रचलित निकष आहे. झोपेत श्वास अडकणे हे वेगळे कारण आहे. टळलेल्या अनावश्यक शस्त्रक्रियेइतकी पर्यावरणपूरक गोष्ट दुसरी नाही.
• आधीचे रिपोर्ट सोबत न्या. त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.
• त्याच दिवशी घरी सोडता येईल का, हे विचारा.
• साधी फेरतपासणी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर होईल का, तेही विचारा.

तडजोड कुठे नको?

शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांत तोंडातून ताजे रक्त आले, तर थोडे असले तरी फोनवर थांबू नका. ताबडतोब रुग्णालयात जा.