श्राव्य कंप्रतांच्या गाळण्या व तरंगाकार
ध्वनीपासून मिळालेल्या विद्युत् संदेशातील काही कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) पुढे जाऊ देणाऱ्या व इतर कंप्रता अडविणाऱ्या विद्युत् मंडलास गाळणी म्हणतात. गाळणीतून गेलेल्या संदेशाच्या आलेखाचा आकार, म्हणजे तरंगाकार, बहुधा मूळच्यासारखा राहत नाही. हा बदल केव्हा निरुपद्रवी ठरतो व केव्हा संदेशाचा अर्थच नाहीसा करतो, हा संदेशवहनाच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न आहे. मावळ तालुक्यातून (पुणे जिल्हा) बोरघाटात उतरणाऱ्या लोहमार्गाच्या उदाहरणावरून तो चांगला स्पष्ट होतो.

कोणताही आवर्ती तरंगाकार हा साध्या तरंगांची बेरीज असतो, असे फ्रेंच गणितज्ञ फूऱ्ये यांनी १८२२ मध्ये प्रतिपादन केले. चौकोनी तरंगात मूळ कंप्रतेबरोबर तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट इ. कंप्रता क्रमशः कमी प्रमाणात असतात. वरच्या कंप्रता अडविल्यास चौकोनाचे कोपरे गोलावतात व उभ्या बाजू कलतात. खालच्या अडविल्यास सपाट माथा उतरता होतो. याखेरीज गाळणी निरनिराळ्या घटकांना कमीअधिक विलंब लावते. रोधक व धारित्र यांच्या साध्या गाळणीत सीमेवरील कंप्रतेची उंची सु. ७१ टक्के उरते आणि तिच्या कलेत ४५ अंशांचा फरक पडतो. म्हणून एकही घटक पूर्णपणे नाहीसा झाला नाही, तरी आकार बदलू शकतो. सर्व घटकांना सारखाच विलंब लागला व त्यांच्या उंचीचे परस्परप्रमाण टिकले, तरच मूळ आकार कायम राहतो.

ध्वनीची जात त्यातील घटक व त्यांचे प्रमाण यांवर अवलंबून असते, असे जर्मन शास्त्रज्ञ ओम (१८४३) व हेल्महोल्ट्स (१८६३) यांच्या विवेचनावरून दिसून आले. घटकांच्या कलांतील फरक कानास फारसा जाणवत नाही. त्यामुळे डोळ्यांना अगदी वेगळे दिसणारे दोन आलेख कानास जवळजवळ सारखे वाटू शकतात. विद्युत् गाळणीची शास्त्रशुद्ध रचना अमेरिकेत कॅम्बेल व जर्मनीत वाग्नर यांनी १९१५ मध्ये स्वतंत्रपणे केली. त्याच वर्षी लोणावळ्याच्या परिसरातील तलावांच्या पाण्यावर घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे जलविद्युत् निर्मिती सुरू झाली.

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. ३७ त १ अशा तीव्र चढउतारावर गाड्यांची सुरक्षितता बरीचशी स्थानकांमधील निरोपांवर अवलंबून असते. हे निरोप आरंभी तारायंत्राने व पुढे दूरध्वनीनेही जाऊ लागले. या दोन साधनांच्या गरजा मात्र परस्परविरोधी आहेत. दूरध्वनीस साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढा पट्टा पुरतो. ५० हर्ट्‌झच्या विद्युत् वाहिनीची घरघर गाळणीने दूर केली, तर तिच्याबरोबर पुरुषाच्या आवाजातील १०० ते १५० हर्ट्‌झची मूळ कंप्रताही जाते. तथापि तिच्या पटीतील वरच्या कंप्रतांवरून कान मूळ स्वराची उंची ओळखतो आणि बोलणाऱ्याचा आवाज परिचित वाटतो. तारायंत्राचे तसे नाही. त्यातील बिंदू व रेषा म्हणजे विद्युत् प्रवाहाचे चौकोनी ठोके असून त्यांचा आशय त्यांच्या लांबीत असतो. हे ठोके वरील गाळणीतून गेल्यास प्रवाह सुरू व बंद होतानाचे टोकदार झटके तेवढे उरतात, आणि बिंदू कोणता व रेषा कोणती हे ग्राहक यंत्रातील विद्युत् चुंबकास कळत नाही. कान घटक वाचतो, तर चुंबक आकार वाचतो. हा भेद ओळखूनच एका तारेवर खालच्या कंप्रतांत तारायंत्र व वरच्या कंप्रतांत संभाषण चालवून गाळण्यांनी त्यांना वेगळे करण्याची पद्धती प्रचारात आली.

१९२९ मध्ये कल्याण–पुणे मार्गाचे १,५०० व्होल्ट एकदिश दाबावर विद्युतीकरण झाले. ५० हर्ट्‌झच्या त्रिकला पुरवठ्यापासून सहा स्पंदांच्या एकदिशकारकाने असा प्रवाह मिळविल्यास त्यात ३००, ६००, ९०० व १,२०० हर्ट्‌झ इ. कंप्रतांची तरंगिका शिल्लक राहते. या कंप्रता मानवी बोलण्याच्याच पट्ट्यात पडतात. गाळणी फक्त कंप्रतेवरून निवड करते. शब्द कोणता व गोंगाट कोणता हे तिला कळत नाही. त्यामुळे दूरध्वनीच्या टोकाशी हा उपद्रव गाळू गेल्यास बोलण्याचाही काही भाग कापला जातो. घाटात गाडी थांबवण्याचा निरोप अर्धवट ऐकू येणे धोक्याचे असल्याने हा उपाय अपुरा ठरतो. यावर उगमापाशीच उपाय करतात. उपकेंद्रात प्रवाहाच्या मार्गात मोठे प्रवर्तक वेटोळे ठेवतात आणि प्रत्येक उपद्रवी कंप्रतेशी जुळविलेली धारित्र व वेटोळे यांची जोडी समांतर जोडतात. येथे तरंगाकार जपावयाचा नसून शक्य तितका सरळ करावयाचा असतो.

एकविसाव्या शतकात या मार्गावर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणारा) पुरवठा आला. अशा वाहिनीमुळे शेजारच्या तारांत अधिक मोठे प्रवर्तन होते. म्हणून भारतीय रेल्वेच्या प्रत्यावर्ती विद्युतीकरणात उघड्या संदेशतारांऐवजी जमिनीखालील आवरणयुक्त केबली घालण्याची पद्धती आहे. प्रकाशीय तंतूंत असे प्रवर्तन होत नाही. अंकीय गाळण्यांत सर्व घटकांना सारखाच विलंब लावून कलांमुळे होणारी आकाराची विकृती टाळता येते. मात्र संदेश तेवढा उशिरा पोहोचतो. तरंगाकारातील बदल हा स्वतः दोष नव्हे. संदेश कोण वाचणार आणि त्याचा अर्थ कशात साठविला आहे, यांवरून गाळणीची योग्यता ठरते.