बिजागरी, चावी आणि आपली वसई

जुनं घर पाडायला काढलं की भाव करायला आलेला माणूस आधी दारं-खिडक्या बघतो. सागवान किती, त्यावर लोखंड किती, पितळ निघतंय का. गावठाणातली घरं जाऊन ज्या वेगानं इमारती उभ्या राहतायत, ते बघता हा सौदा आपल्याकडे रोज कुठेतरी होत असणार. म्हणून ही पोस्ट.

सुतारकामातले चार शब्द घ्या. मिस्त्री, मेज, चावी, बिजागरी. चारही पोर्तुगीजांकडून आलेले. मेश्त्रे म्हणजे उस्ताद, त्याचा झाला मिस्त्री. बिसाग्राची झाली बिजागरी. (खुर्ची मात्र अरबी. तिची ओढाओढी आपली आपणच शिकलो!)

शब्द उगाच येत नाहीत, वस्तूबरोबर येतात. त्याआधी आपल्याकडे सुतारकाम नव्हतं असं अजिबात नाही. पाट, पेटारा, बाजलं, फडताळ सगळं होतं. पण घरातलं बसणं-जेवणं जमिनीलगत, आणि दार फिरायचं ते खाली-वर खोबणीत बसवलेल्या लाकडी खुंटावर. धातूची बिजागरी आली तशी हलकी झडप, उभं कपाट, झाकणाची पेटी हे सगळं सोपं झालं. लाकडाच्या कामात लोहार आणि तांबट यांचा हात वाढला.

आता यात वसई कुठे? १५३४ ते १७३९, म्हणजे २०५ वर्षं वसई पोर्तुगीजांकडे होती आणि त्यांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं होती. मनोरजवळचा अशेरीगड त्यांना हवा होता तो भोवतालच्या सागाच्या जंगलासाठीही. आगाशीला जहाजं बांधली जात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात राहिलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशानं वसईकडून जाणाऱ्या इमारती लाकडाचा आणि दगडाचा उल्लेख करून ठेवलाय.

सागच का? युरोपातल्या ओक लाकडात आम्ल असतं, ते खिळा खातं. सागात तेल असतं, त्यात लोखंड टिकतं. शिवाय पावसाळ्यात साग फार फुगत नाही. आपल्या खाऱ्या हवेत लाकूड आणि लोखंडाचा संसार टिकला तो या तेलामुळे.

त्या काळातली पुष्कळ खणांची कपाटं आज लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. सागावर शिसवी किंवा आबनुसी जडावाचं काम, कोपऱ्यांना आणि कुलपाभोवती जाळीदार पितळी पत्रे. पाटीवर बहुधा गोवा नाहीतर गुजरात लिहिलेलं असतं. लाकूड कुठल्या जंगलातलं, हे कोण विचारतो?

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. इथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. भीमाशंकर, मेणवली, नाशिकचं नारोशंकर, सगळीकडे आपण त्या अभिमानानं दाखवतो. घंटा देवळात टांगल्या म्हणून वाचल्या. कपाटं-पेट्यांना देऊळ कोण देणार?

पुढे मुंबईनं चित्रच बदललं. १९२३ पासून गोदरेज पोलादी कपाटं बनवू लागलं आणि मध्यमवर्गीय घरात लाकडाची जागा पत्र्यानं घेतली. आज वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत प्लायवूड आणि लोखंडी चौकटीचं फर्निचर बनतं. काम करणारे बरेचसे उत्तर प्रदेश-बिहारचे. ते कपाटाला अलमारी म्हणतात. तोही शब्द पोर्तुगीजच, आर्मारियू! त्यांना परप्रांतीय म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

माझं म्हणणं साधं आहे. घर पाडू नका असं मी कुणाला सांगणार नाही, गळक्या घरात राहणाऱ्याला ते सांगणं सोपं नसतं. पण दार काढण्याआधी त्याचे फोटो घ्या. बिजागरी, कडी, कोयंडा, कुलपाची पट्टी जवळून टिपा. घरात जे म्हातारं माणूस असेल त्याला प्रत्येक भागाचं नाव विचारून लिहून ठेवा, सामवेदी, वाडवळी, आगरी, ज्या बोलीत असेल त्या बोलीत. आणि महानगरपालिकेनं अशा वस्तू ठेवायला एखादी कोरडी, कुलूपबंद खोली द्यावी. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येतील त्यांना मी हे विचारणार आहे, तुम्हीही विचारा.