गिरमिटाची वही आणि हरवलेले गाव

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी गेलेला गृहस्थ गोदेच्या पायऱ्या उतरतो न उतरतो तोच ‘गाव कोणते? आडनाव काय?’ हा प्रश्न त्याच्या कानी पडतो. तीर्थोपाध्याय बासनातली वही सोडतात, चार पाने उलटतात आणि पणजोबा कोणत्या सिंहस्थाला येऊन गेले, बरोबर कोण होते, हे वाचून दाखवतात. ही वही म्हणजे घराण्याने स्वतः सांगून लिहवून घेतलेला आपला इतिहास होय. परंतु तीत नाव यायचे तर माणसाजवळ यात्रेपुरता पैसा हवा आणि घरी परतण्याची खात्री हवी. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते अशा लाखो हिंदी माणसांची नावे वेगळ्याच एका वहीत नोंदली गेली. ती वही सरकारी कारकुनाने लिहिली, आणि लिहिणाऱ्याला त्या माणसाच्या घराण्याशी काडीचेही कर्तव्य नव्हते. आज मॉरिशस, नाताळ, सुरिनाम, फिजी येथील त्यांचे पणतू त्याच वहीतून आपले मूळ गाव शोधीत आहेत. ती वही कशी झाली आणि तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा, याचा आज विचार करू.

१८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. मॉरिशसमध्ये त्याचा अंमल १८३५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. पण उसाच्या मळेवाल्यांनी त्याआधीच दुसरी सोय पाहून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. ठरावीक वर्षांच्या कराराने, म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’ने, हे मजूर बांधलेले असत. त्या इंग्रजी शब्दाचा मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला आणि गिरमिटावर गेलेला तो गिरमिटिया. एकट्या मॉरिशस बेटावर असे सुमारे साडेचार लाख लोक उतरले. नाताळला १८६० ते १९११ या काळात १,५२,१८४, सुरिनामला १८७३ ते १९१६ या काळात ३४ हजारांवर, आणि फिजीला १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसे गेली. यांत कलकत्ता बंदराचा वाटा सर्वांत मोठा, त्याखालोखाल मद्रासचा. मुंबईचा वाटा लहान, आणि तोही मुख्यतः मॉरिशसपुरता. पण आपल्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. कारण मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे, त्याचे पूर्वज बहुतांशी रत्नागिरीकडून निघून मुंबई बंदरात जहाजावर चढलेले.

आता ती वही उघडू. प्रत्येक उतारूला एक क्रमांक मिळे. त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, स्त्री की पुरुष, जात, जिल्हा, ठाणे किंवा परगणा, गाव, उंची आणि शरीरावरच्या खुणा. उंची इंचापर्यंत मोजलेली. कपाळावरचा व्रण, पायावरचा डाग, देवीचे वण, सारे टिपलेले. शरीराविषयी एवढी काळजी कशासाठी? उत्तर सरळ आहे. मजूर मळ्यावरून पळाला तर तो ओळखून परत आणता यावा यासाठी! मॉरिशसमध्ये १८६७ च्या मजूर कायद्याने तर करार संपवून मोकळ्या झालेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगणे भाग पाडले. ज्याचे तिकीट हरवले तो भटक्या ठरून तुरुंगात जाई. या जाचाविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जणांनी अर्ज केला. तो लिहिण्याच्या कामी अडॉल्फ द प्लेव्हिट्झ या गोऱ्या गृहस्थाने पुढाकार घेतला, आणि पुढच्याच वर्षी चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावे लागले.

पण काळाचा न्याय पाहा. ज्या छायाचित्रासाठी पणजोबांना पोलिसाच्या दारात उभे राहावे लागले, तेच आज पणतूच्या हाती असलेले त्यांचे एकमेव चित्र असते! श्रीमंताच्या दिवाणखान्यातही ज्या काळी छायाचित्र विरळा, त्या काळी या मजुराचे चित्र काढले गेले, ते मात्र त्याच्या बेडीचा एक दुवा म्हणून.

वही अशा हेतूने लिहिलेली असल्यामुळे तिच्यातली प्रत्येक गोष्ट सारख्याच मोलाची नाही. सर्वांत भरवशाचा तो क्रमांक. आणि सर्वांत कमी भरवशाचे, आश्चर्य वाटेल, पण नाव! सांगणारा कोकणी कुणबी, ऐकणारा त्याची भाषा न जाणणारा कारकून, आणि लिहायचे रोमन लिपीत. ‘विठू’चा आरंभ कोणी एका अक्षराने करील, कोणी दुसऱ्या, ‘ठ’ आणि ‘ट’ यांचा भेद तर त्या लिपीला ठाऊकच नाही. मॉरिशसमध्ये त्यावर फ्रेंच उच्चाराचा आणखी एक थर चढला. शिवाय आपल्याकडचे आडनाव वहीत सहसा आलेच नाही. उलट जहाजातून उतरलेल्या माणसाचे पाळण्यातले नाव हेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. म्हणून आडनाव हाती धरून कोकणात भाऊबंद शोधू जाणारा मनुष्य पहिल्याच पावलाला वाट चुकतो.

मग शोधावे कसे? नदीचे मूळ पाहायचे तर आपण उभे आहो त्या काठावरून वर चढत जावे लागते. आधी स्वतःच्या आजोबांच्या जन्माची आणि विवाहाची नोंद काढावी. मॉरिशसच्या जुन्या दाखल्यांत आईबापांच्या नावांबरोबर पुष्कळदा गिरमिटाचा क्रमांकही लिहिलेला असतो. तो मिळाला की मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आप्रवासी दप्तरात जहाज, साल आणि गाव यांचा पत्ता लागतो. नाताळच्या आणि सुरिनामच्या याद्या तर आता संगणकात भरून इंटरनेटवर सर्वांना खुल्या केलेल्या आहेत. डर्बनचा किंवा हेगचा माणूस घरबसल्या त्या चाळू शकतो. पूर्वी ज्या कामाला वर्ष लागे ते आता एका संध्याकाळी होते.

ही सोय मोठी खरी, पण धोकाही तिथेच आहे. नाव टाकताच पडद्यावर त्या नावाची वीस माणसे उभी राहतात, आणि मनाला आवडेल तो पणजोबा निवडण्याचा मोह होतो. अशा वेळी वय जुळते का, बापाचे नाव जुळते का, त्याच जहाजातून बायको किंवा भाऊ आला होता का, हे ताडून पाहिले पाहिजे. यादी कुठली आहे हेही पाहावे. चढल्याची यादी निराळी आणि उतरल्याची निराळी. १८५६ च्या आरंभी कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी फुटली, तेव्हा उतारूंना मॉरिशसजवळच्या गॅब्रिएल बेटावर ठेवण्यात आले आणि दोनशेहून अधिक माणसे तिथेच दगावली. त्यांची नावे चढल्याच्या यादीत आहेत. त्यांच्या मागे वंश मात्र नाही.

स्त्रियांच्या नोंदी तर अधिकच जपून वाचाव्यात. नाताळ, फिजी इत्यादी वसाहतींसाठी शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात असा नियम होता. ती संख्या भरण्याची भरतीवाल्यांना घाई असे. यादीत एकटी दिसणारी बाई विधवा होती, टाकलेली होती की नवऱ्याची चुकामूक झालेली होती, हे त्या रकान्यावरून कळत नाही. जे कळत नाही ते कल्पनेने भरू नये; भरल्यास आपण त्या बाईवर दुसऱ्यांदा अन्याय करतो.

गावाच्या रकान्यातही खाचा आहेत, आणि त्या आपणच उलगडू शकतो. वहीत ‘रत्नागिरी’ असे आले म्हणजे आजचाच रत्नागिरी जिल्हा समजू नये. १९८१ साली वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग त्यात आला. सावंतवाडी तेव्हा संस्थान होते. कुलाब्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. त्याआधी तो मुलूख ठाण्यात मोडे. आणि ‘मुंबई’ म्हणजे बहुधा केवळ चढण्याचे बंदर. माणूस तिथला नव्हे, तिथपर्यंत पोटासाठी आलेला.

शिवाय प्रत्येक परदेशस्थाचे नाव गिरमिटाच्या वहीत सापडेलच असे नाही. केप टाउनमध्ये रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. ही माणसे स्वतःचे भाडे भरून गेली. त्यांचा माग १९०६ च्या केप वसाहतीच्या कायद्याखाली दिलेल्या परवान्यांत लागतो. गावी येऊन परत जाण्यासाठी हा परवाना लागे, आणि त्यावर छायाचित्र व हाताचे ठसे असत. म्हणजे तिकिटाचे पैसे स्वतः भरले तरी ठसा सुटला नाही!

श्रोतेहो, १९१७ साली गिरमिटाची भरती थांबली, त्यालाही शंभर वर्षे उलटून गेली. पोर्ट लुईला ज्या पायऱ्यांवरून ही माणसे वर चढली, त्या आप्रवासी घाटाची २००६ साली जागतिक वारसास्थळांत गणना झाली. त्यांनी आपले टोक असे जपले आहे. आपल्या टोकाचे काय? हातात एक कागद घेऊन मॉरिशसचा पाहुणा कोकणातल्या एखाद्या गावी येतो आणि रोमन लिपीतले वाडीचे नाव पुढे करतो. तेव्हा ‘असे गाव इथे नाही’ म्हणून आपण त्याला वाटेला लावतो. गाव बहुधा असते; फक्त कारकुनाने ते वेडेवाकडे लिहिलेले असते. जुन्या महालांची नावे, मोडलेल्या वाड्या, ग्रामदैवते, घराघरांतून ‘तो मिरीच देशी गेला’ अशी राहून गेलेली आठवण, हे सारे शाळामास्तरांनी आणि ग्रंथालयांनी टिपून ठेवले तर तो कागद वाचता येईल. ‘मिरीच’ हे मॉरिशसचेच गिरमिटियांच्या तोंडचे नाव होते.

नाशिकच्या वहीत घराण्याचे नाव आहे, पण समुद्रापार गेलेला मुलगा नाही. गिरमिटाच्या वहीत तो मुलगा आहे, पण घराणे नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचणारा माणूस मात्र आपल्याच गावात तयार व्हायला हवा.