रक्तातला नेम आणि हातातला कामठा

परवा 9 ऑगस्टला आदिवासी दिनाच्या कार्यक्रमात नेहमीप्रमाणे पाहुण्यांच्या हातात तीर-कामठा दिला गेला, फोटो झाले आणि एका वक्त्यांनी ठरलेलं वाक्य टाकलं, "नेमबाजी आपल्या पोरांच्या रक्तातच आहे!" टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. कारण हेच वाक्य बारा-तेरा वर्षांपूर्वी मी बातमीच्या हेडिंगमध्ये टाकलं होतं आणि त्याची लाज मला अजून वाटते.

झालं असं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा मुलगा घरचा बांबूचा कामठा घेऊन स्पर्धेला आला. 30 मीटरवर चांगला खेळला, 50 मीटरवर पार कोसळला. बाण कधी डावीकडे, कधी खाली. मी लिहिलं, नेम रक्तात आहे, पण सराव कमी पडला. बाजाराच्या दिवशी त्याचा आजा मला शोधत आला. कामठा त्यानेच बनवलेला. म्हणाला, "भाऊ, पोराचा सराव कमी पडला लिहिलंस. कामठा पाहिला होतास का? तो पंचवीस पावलांचा आहे."

मी पाहिला नव्हता. पत्रकारितेच्या डिप्लोमात धनुष्य शिकवत नाहीत. पण त्या दिवसापासून जमेल तसं वाचत आणि विचारत गेलो.

आजाचा कामठा साधा दिसतो, पण अडाणी नाही. बांबूची हिरवी साल ज्या बाजूला असते, तिथले तंतू सगळ्यात दाट आणि ताणाला चिवट असतात. कामठा वाकला की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते, म्हणून त्याने साल बाहेर ठेवलेली. दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. ती ताणून लांब होत नाही, त्यामुळे ओढलेला जोर तिच्यात मुरत नाही. झाडीत चालताना अडकणार नाही एवढी लांबी. तुटला तर नवा बांबू शेजारीच. जंगलात जवळून नेम धरायचा, तर याहून सोयीचं हत्यार शोधून दाखवा.

मग 50 मीटरवर काय बिघडलं? सरळ काठीच्या धनुष्याचा जोर ओढत नेऊ तसतसा वाढत जातो आणि सुरुवातीला तो अगदीच थोडा असतो. टोकं पुढे वळवलेल्या धनुष्यात जोर पहिल्या काही बोटांतच चढतो. म्हणजे शेवटी हाताला दोन्ही सारखीच जड लागली, तरी वळलेल्यात साठलेली ताकद जास्त. त्यातही टोकं जाड आणि जड असतील, तर बरीचशी ताकद टोकं हलवण्यातच जाते, बाणाच्या वाट्याला कमी येते. हळू बाण जास्त उंच मारावा लागतो आणि अंतराचा अंदाज जरा चुकला की खाली पडतो.

खरी गंमत पुढे आहे. साध्या कामठ्यात बाण मधून जात नाही, काठीच्या कडेने जातो. सुटताना तो माशासारखा वळवळतो, काठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. बाण किती लवचीक आहे, यावर तो वळसा बरोबर पडणार की नाही हे ठरतं. त्या पोराचे सहा बाण सहा जाडीचे होते. जवळ ते खपून जातं, लांब नाही. हल्लीच्या स्पर्धेच्या धनुष्याच्या मुठीत बाणाला जवळजवळ मध्यातून जायला जागा कापलेली असते आणि बाण एकसारखे, धनुष्याला जुळवून घेतलेले असतात. माझ्या बातमीत हे एक अक्षरही नव्हतं.

धनुष्याची घडण माणसाला कशी तारते आणि मारते, याचं आपल्याकडचं जुनं उदाहरण झेलमच्या काठचं. सिकंदराचा दर्यासारंग निआर्कस याच्या हवाल्याने एरियन लिहितो, की हिंदी पायदळाचं धनुष्य माणसाएवढं उंच असे. एक टोक जमिनीवर टेकवायचं, डाव्या पायाने दाबायचं आणि दोरी खूप मागे ओढायची. बाण जवळपास तीन हात लांब. त्यापुढे ना ढाल टिकायची ना चिलखत. घडणीच्या हिशेबाने हे अगदी बरोबर आहे. जितकं लांब ओढाल तितकी ताकद साठते आणि जड बाण ती पुरेपूर घेऊन जातो. पण इ. स. पू. 326 मध्ये पोरसाचं सैन्य उभं राहिलं ते पावसाने चिखल झालेल्या जमिनीवर. रोमन लेखक कर्टियस सांगतो, धनुष्य टेकवायलाच जागा घट्ट नव्हती आणि नेम धरून होईपर्यंत शत्रू अंगावर आलेला. पोरस हरला त्याला कारणं आणखीही होती. पण त्या धनुर्धरांच्या रक्तात काही कमी होतं, असं कुणी म्हणेल का?

दुसरी तऱ्हा शिंगाच्या धनुष्याची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्यांची वेगवेगळी सामग्री दिलीय. शिंगाचं ते शार्ङ्ग. आपण विठोबाला शारंगधर म्हणतो, ते नाव इथून आलंय. मध्य आशियातल्या स्वारांनी हीच विद्या टोकाला नेली. मध्ये लाकूड, आतल्या बाजूला दाब सोसणारं शिंग, बाहेर ताण सोसणारे जनावराचे स्नायुतंतू आणि हे सगळं सरसाने चिकटवलेलं. धनुष्य आखूड, पण ओढ लांब, त्यामुळे घोड्यावरून दोन्ही बाजूंना मारता येतं. दोष एकच, सरस ओल धरतो. आपल्या पावसाळ्यात असं धनुष्य जपणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून हिंदुस्थानात पोलादी धनुष्यंही बनली. ती जड होती, बाणाला वेग कमी द्यायची, पण किल्ल्याच्या कोठारात वर्षानुवर्षं पडली तरी चालायची. कामगिरी थोडी सोडली, भरवसा घेतला. हाही हिशेबच.

इंग्रजांचं 'मेरी रोज' हे जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं. त्यात शंभरावर अखंड धनुष्यं मिळाली. ती ओढायला 100 ते 185 पौंड जोर लागत असावा, असा अंदाज आहे. आज ऑलिंपिकमधले पुरुष खेळाडू साधारण 50 पौंडांच्या आसपासचं धनुष्य वापरतात. मग आजचे खेळाडू दुबळे म्हणायचे का? त्या लोकांना चिलखत भेदायचं होतं, यांना 70 मीटरवर पिवळं वर्तुळ गाठायचंय. काम बदललं की धनुष्य बदलतं.

आता लिंबाराम. उदयपूरकडच्या डोंगरातला आदिवासी पोरगा, बांबूच्या धनुष्यावर शिकार करत वाढलेला. 1987 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने त्याला निवडलं, आधुनिक धनुष्य आणि प्रशिक्षण दिलं. 1988 मध्ये तो सोल ऑलिंपिकला होता. 1992 मध्ये बीजिंगला 30 मीटरवर 360 पैकी 357 गुण घेऊन त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली. डोळा आणि हात त्याचे होतेच, ते लहानपणापासूनच्या शिकारीतून तयार झाले होते. पण धनुष्य हातात पडलं नसतं, तर तोही कुठल्या तरी स्टेजवर फोटोपुरता उभा राहिला असता.

2023 मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंड धनुष्यात विश्वविजेते झाले. त्या धनुष्याला चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार एकदम कमी होतो आणि शांतपणे नेम धरता येतो. त्यांच्याबद्दल लिहिताना आम्ही पत्रकारांनी काय लिहिलं? मेहनत, प्रशिक्षक, सराव, साताऱ्याची अकादमी. रक्ताचा विषय कुणी काढला नाही. तो आम्ही पाड्यावरच्या पोरांसाठी राखून ठेवलाय, कारण रक्त फुकट असतं आणि स्पर्धेच्या धनुष्याचा पूर्ण संच लाखाच्या घरात जातो.

तो मुलगा आता ट्रॅक्टर चालवतो. आजा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याने दिलेला एक कामठा माझ्या टेबलामागे टांगलेला आहे. वापर नसेल तेव्हा दोरी उतरवून ठेव, म्हणाला होता. तसाच ठेवलाय.

आमच्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत शाळा आणि आश्रमशाळांसाठी किती धनुष्यं घेतली, कुठल्या प्रकारची, त्यातली किती आज वापरात आहेत आणि जुळणारे बाण किती, असा माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी टाकलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो. तुमच्या गावच्या शाळेतलं काही ठाऊक असेल तर खाली लिहा, फोटो असेल तर उत्तम.