जखम अंगावर, झळ यकृताला

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता हुमनाबादेत बिदर-कलबुर्गी रस्त्याला मिळतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या आधिपत्याखालील भारतीय सैन्य सोलापूरकडून याच वाटेने निघाले. नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर असे टप्पे घेत ते पुढे सरकले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवसांच्या आठवणी आपल्या घराघरांतून सांगितल्या गेल्या आहेत. कोण पडले, कोण वाचले, हे इतिहास सांगतो. परंतु जखमी माणसाच्या देहात त्या काही तासांत काय घडते, याचा वृत्तांत इतिहासग्रंथांत क्वचितच आढळतो. जखम बांधली, रक्त थांबले, आणि तरीही चार-सहा दिवसांनी डोळे पिवळे होऊन माणूस गेला, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी यकृताशी निगडित आहे.

रक्ताचा आणि यकृताचा संबंध आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. चरक व सुश्रुत या दोघांनीही यकृत आणि प्लीहा यांना रक्तवह स्रोतसांचे मूळ मानले. त्या मुळाला इजा झाली असता दाह, पांडुता व अतिरक्तस्राव ही लक्षणे उद्भवतात, असे सुश्रुताचे निरीक्षण आहे. पश्चिमेकडे गेलननेही रक्ताची उत्पत्ती यकृतातच मानली होती. १६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले आणि या कल्पनेतील यकृताचे सिंहासन हृदयाकडे गेले. आपल्या भाषेतही काहीसे असेच घडलेले दिसते. ‘काळीज’ म्हटले की आपल्याला हृदय आठवते. खाटकाच्या दुकानातली ‘कलेजी’ मात्र यकृतच असते.

यकृताची खरी थोरवी पुढे हळूहळू उलगडत गेली. १८५७ मध्ये क्लोद बेर्नार याने यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळी करून दाखवली. जखमी माणसाच्या यकृताकडे पद्धतशीर लक्ष जाण्यास मात्र दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकी सैन्याने भूमध्य सागराच्या रणक्षेत्रात गंभीर जखमींच्या अभ्यासासाठी एक मंडळ नेमले. इटलीतील आघाडीच्या रुग्णालयांत त्याने १८६ जखमींचा अभ्यास केला. त्यांचा मुख्य रोख मूत्रपिंडांवर होता. तथापि यकृताच्या कार्याचीही तपासणी झाली. हा अहवाल १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्याच इटलीत आपली माणसे लढत होती. बेळगाव हे ज्यांचे माहेरघर, त्या मराठा पलटणींतील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात वीरमरण आले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना शत्रूच्या गोळीबारात, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

जखमीला लवकर हलवण्याचे मोल यकृताच्या दृष्टीने पाहिले म्हणजे अधिकच उमगते. हृदयातून दर मिनिटास जे रक्त बाहेर पडते, त्याचा सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे जवळजवळ दीड लिटर, यकृतातून वाहतो. त्यातला तीन-चतुर्थांश आतड्यांकडून प्रतिहारी शिरेने येतो. उरलेला यकृताच्या रोहिणीतून. रक्त वाहून गेले की शरीर मेंदू व हृदय यांना वाचवण्यासाठी आतड्यांकडच्या वाहिन्या आवळते, आणि यकृताकडे येणारा मोठा प्रवाह आटतो. रोहिणी रुंदावून काही काळ भरपाई करते. रक्तदाब फार खाली गेला की तिचाही उपाय चालत नाही. मग यकृतखंडिकेच्या मध्यशिरेलगतच्या पेशी प्रथम मरतात, कारण प्राणवायू त्यांच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचतो. कालव्याच्या शेपटाकडील शेत आधी वाळावे, तसाच हा प्रकार.

परिणाम अनेक होतात. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात. ते कमी पडले की रक्तस्राव अधिक वाढतो, आणि वाढलेला रक्तस्राव यकृताला आणखी उपाशी ठेवतो. प्राणवायूअभावी साठणारे लॅक्टिक आम्ल निपटून काढण्याचे काम मंदावते. आतड्यांतून येणारे जंतू गाळून घेणारी फळीही दुबळी होते. मेलेल्या पेशींतील विकरे रक्तात उतरतात. एरवी चाळीसच्या आसपास असणारा त्यांचा आकडा एक ते तीन दिवसांत हजारांवर जातो. कावीळ त्यानंतर दिसते. शरीरात साकळलेले आणि बाहेरून दिलेले रक्त विघटित होताना पित्तरंजक वाढते, आणि थकलेल्या यकृताला तो भार पेलत नाही. डोळ्यांच्या त्या पिवळेपणाचे मूळ म्हणजे काही दिवसांपूर्वीची ती रक्तहीन घटका.

असे असले तरी यकृत हा मोठा सोशिक अवयव आहे. रक्तस्राव वेळेत थांबला, रक्त भरून निघाले आणि अभिसरण सावरले, तर ही विकरे साधारण सात ते दहा दिवसांत बरीच खाली येतात आणि उरलेल्या पेशी नव्याने वाढतात. गमावलेला वेळ मात्र कोणत्याही औषधाने परत मिळत नाही.

१९४८ मध्ये ज्या रस्त्याने फौजा गेल्या, त्याच रस्त्याने आज रात्रंदिवस मालमोटारी धावतात, अपघातही होतात. येथून बिदर अथवा कलबुर्गीचे मोठे रुग्णालय पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. पोलिसी चौकशीच्या भयाने मागे सरण्याचे कारण उरलेले नाही. वाहत्या जखमेवर घट्ट दाब धरणे, १०८ क्रमांकावर वर्दी देणे, आणि निरोगी असताना रक्तपेढीत रक्त देणे, एवढे तर आपल्या हाती आहे. नामदेव जाधवांनी सेनिओकाठी यकृताचा विचार केला नसेल. जखमीला वेळेवर उचलले पाहिजे, एवढे त्यांना कळत होते. विज्ञानाने त्या शहाणपणाची कारणे मागाहून सांगितली.