चिलटाच्या झोपेची कुळकथा

पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांपैकी एक जात म्हणजे ड्रोसोफिला, प्रयोगशाळेतली फळमाशी. ती कोषातून बहुधा पहाटे बाहेर पडते, हवेत ओलावा असताना. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमध्ये सीमोर बेंझर यांचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का याने ही वेळच धरून ठेवली. रसायनाने जनुकं बिघडवलेल्या माश्यांमधून त्याने वेळ चुकवणाऱ्या वेचल्या. एका वाणाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला तर दिवसरात्रीचा धरबंधच नव्हता. तिन्ही बिघाड एकाच जनुकात निघाले! एवढं गुंतागुंतीचं वर्तन एका जनुकावर हलावं, हे तेव्हा अनेक जाणत्यांना पटत नव्हतं. १९७१ मध्ये शोधनिबंध आला आणि त्या जनुकाचं नाव पडलं ‘पीरियड’.

१९८४ मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांच्या गटांनी ते जनुक वेगळं काढलं. त्याचं प्रथिन रात्री पेशीत साठतं, स्वतःच्याच जनुकाला थोपवतं, मग विघटन पावतं, आणि चक्र पुन्हा सुरू होतं. हेच पेशीतलं घड्याळ. तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. कोनोप्का २०१५ मध्येच गेला होता. या कुळाचा मूळपुरुष मी त्यालाच मानतो.

एवढ्या वर्षांत झोपेचं नाव कुणी फारसं काढलं नव्हतं. माशी निश्चल बसते ती झोपच, हे २००० मध्ये दोन अमेरिकी गटांनी दाखवलं. अशा माशीला जागं करायला जास्त हलवावं लागतं, आणि जागवून ठेवली तर पुढे ती बुडालेली झोप भरून काढते. पाच मिनिटं हालचाल नाही म्हणजे झोप, असा दंडक तेव्हापासून रूढ झाला.

मग घड्याळ झोपेला गाठतं कुठे? माशीच्या मेंदूत घड्याळाच्या सुमारे दीडशे चेतापेशी आहेत. त्यांतल्या काही मोठ्या पेशी ‘पीडीएफ’ नावाचं द्रव्य सोडून माशीला जागं ठेवतात. संध्याकाळ झाली की त्यांना गप्प करावं लागतं. हे काम करणारं प्रथिन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये उजेडात आणलं. त्याचं नाव ‘वाइड अवेक’, कारण ते नसलेल्या माशीला लवकर झोपच लागत नाही. घड्याळाच्या तालावर तिन्हीसांजेला त्याचं प्रमाण वाढतं आणि त्या जागत्या पेशींवर ‘गाबा’ या शांतवणाऱ्या द्रव्याचे ग्राहक वाढतात. पेशी मंदावतात, माशी झोपते.

याच प्रथिनाचा भाऊबंद उंदराच्या मेंदूतही सापडला, आणि तोही नेमका दैनंदिन घड्याळाच्या केंद्रात.