मण्यांतून उलगडणारा इतिहास : सान आणि बांटूभाषक समाज

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील समाजांविषयी लिहिताना ‘पारंपरिक अलंकार’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. त्यामुळे हे अलंकार अनादि काळापासून जसेच्या तसे चालत आले, असा समज दृढ होतो. उपलब्ध पुरावा या समजाला पुष्टी देत नाही.

प्रथम एक शब्दविवेक. ‘बांटू’ हे वंशाचे नव्हे, भाषाकुळाचे नाव असून ‘माणसे’ या अर्थाच्या शब्दावरून विल्हेल्म ब्लीक या भाषाशास्त्रज्ञाने ते १९व्या शतकात रूढ केले. पुढे वर्णद्वेषी राजवटीने तोच शब्द सरकारी शिक्का म्हणून वापरला (१९५३चा बांटू शिक्षण कायदा). त्यामुळे ‘बांटूभाषक’ म्हणणे अधिक योग्य.

सान हे पूर्वी प्रामुख्याने शिकार व अन्नसंकलनावर जगणारे समाज. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे करून, त्यांना भोक पाडून, ते जनावराच्या स्नायुतंतूत ओवून दगडावर घासत गोल करणे हे सान स्त्रियांचे कसबी काम होय. असे मणी पूर्व आफ्रिकेत ४० हजार वर्षांहूनही जुने सापडले आहेत. एवढ्यावरून आजच्या सानांना ‘अश्मयुगीन’ ठरविण्याची वसाहतकालीन अभ्यासकांची घाई मात्र अशास्त्रीय होती. कालाहारीतील जु-होआन्सी लोकांत या माळा दूरच्या सोबत्यांना भेट दिल्या जात. दुष्काळात त्याच सोबत्याच्या पाणवठ्यावर आसरा मिळे. दागिना हा येथे जणू विमाच होता.

बांटूभाषक शेतकरी आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमाप्रदेशातून पसरत इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत दक्षिणेकडे पोहोचले. त्यांच्या जुन्या वसाहतींतही कवचाचे मणी आढळतात. झुलू व खोसा भाषांतील टाळी वाजविल्यासारखे ध्वनी सान व खोएखोए भाषांतून आले, हीदेखील या संपर्काची साक्ष होय. लिंपोपो खोऱ्यातील मापुंगुब्वे (१३वे शतक) येथील राजघराण्याच्या दफनांत सोन्याच्या पत्र्याचा गेंडा आणि हजारो काचमणी मिळाले. हे काचमणी हिंदी महासागरी व्यापारातून आले होते. पुढील काळातील, १५व्या शतकापासूनच्या काही आफ्रिकी काचमण्यांचे रासायनिक घटक कोकणातील चौल येथे सापडलेल्या मण्यांशी जुळतात.

या दृष्टीने न्देबेले समाजाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १८८३ साली बोअर प्रजासत्ताकाने त्यांचा पराभव केला, जमिनी जप्त केल्या आणि कुटुंबे विखरून बोअर शेतांवर पाच वर्षांच्या वेठीस लावली. विखुरलेल्या या लोकांना न्देबेले म्हणून ओळख देणारी मणिकला व भित्तिचित्रे त्यानंतरच्या काळात बहरली. ती मुख्यत्वे स्त्रियांच्या हातची. मणी युरोपातून आयात केलेले होते. संग्रहालयांतील जुने नमुने बहुतांशी पांढरे असून त्यांत रंगाच्या मोजक्याच आकृती दिसतात. ‘प्राचीन परंपरा’ म्हणून पर्यटकांना दाखविले जाणारे भरगच्च रंगीत पट्टे २०व्या शतकातील आहेत.